साखरेच्या कपाटावरचा एप्सिलॉन

"या घरात चहाला साखर हवी असेल तर आधी एप्सिलॉनची परवानगी काढायची," शशिकांत कपाटाशी उभा राहून पुटपुटत होता. "आणि साहेब पडले ग्रीक. त्यांना मराठी कुठलं यायला."

पुटपुटणं म्हणायला स्वतःशी होतं. पण हातभर अंतरावर यामिनी पोळ्या लाटत उभी, तेव्हा ते कुणाच्या कानांसाठी होतं हे वेगळं सांगायला नको. गॅसच्या बाजूच्या कपाटाला दोन दारं होती आणि दोन्ही दारांवर मिळून तिनं एप्सिलॉनच्या गणिताचा एक कागद चिकटवला होता, चारी बाजूंनी टेप लावून. दार उघडलं की कागद फाटणार. मग शशिकांत रोज सकाळी खालचा एक कोपरा हलकेच सोडवायचा, दार किलकिलं करायचा आणि मांजरानं शिंक्यात पंजा घालावा तसा आत हात घालून चाचपत साखरेचा डबा काढायचा. एकदा साखर म्हणून साबुदाणा काढला होता.

"परीक्षा झाली ना तुझी? मग काढ की तो आता."

"निकाल लागू दे."

"निकालाला काय झालंय? तू म्हणालीस ना, जसाच्या तसा आला प्रश्न."

आला होता खरा. कागदावर होता तसाच चौथा प्रश्न म्हणून पुढ्यात आला आणि यामिनीनं तो एका दमात लिहून काढला होता. येताना पटेलांच्या दुकानातून बासुंदीसाठी दूधही आणलं होतं. तिनं तव्यावरची पोळी उलटली आणि ओट्यावरचा फोन टुणकन वाजला. पिठाच्या बोटानं तिनं तो उघडला.

ईमेल कॉलेजमधून होतं. प्रोफेसर हॅनिगन यांचं. "डियर यामिनी, तुमच्या पेपरातल्या चौथ्या प्रश्नाबद्दल तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. गुरुवारी वर्गाच्या आधी माझ्या ऑफिसमध्ये येऊ शकाल का? येताना तुम्ही ज्यावरून अभ्यास केला त्या नोट्स घेऊन याव्यात."

बस, एवढंच. खाली हवामान छान असल्याचं एक वाक्य.

पोळी करपल्याचा वास आधी शशिकांतला आला.

*

यामिनी अकोल्याची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं, नवरा अमेरिकेत, आणि "पुढचं तिकडे जाऊन पूर्ण कर की" असं सगळ्यांनी मिळून सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी कुणालाच तिकडे काय असतं याची कल्पना नव्हती. तिकडे असतो नवऱ्याच्या नावावरचा व्हिसा, त्यावर नोकरी करता येत नाही, आणि शिकायचं तर फीचा आकडा बघून माणूस ब्राउझर बंद करतो. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत लेक आश्लेषा हायस्कुलात पोचली होती आणि यामिनीच्या केसांत मेंदी ही हौस न राहता गरज झाली होती.

मग तिनं कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. मॉरिसव्हिलच्या घराहून गाडीनं जवळ, फी परवडणारी, आणि तिथं दोन वर्षांचं गणित पुरं केलं की पुढची दोन वर्षं युनिव्हर्सिटीत. नंतर शाळेत गणिताची शिक्षिका. ही "नंतर"ची गोष्ट तिनं फारशी कुणाला सांगितली नव्हती. सुरुवातीला सगळ्यांना "टाइमपास म्हणून जाते" असंच सांगायची, म्हणजे जमलं नाही तर टाइमपासच होता म्हणता येतं.

पण जमलं. कॅल्क्युलस म्हणजे तिला स्वयंपाकासारखं वाटलं. कृती दिलेली असते, ती नीट केली की पदार्थ होतो. ए मागून ए मिळाले. वर्गातली पोरं तिच्याभोवती गोळा व्हायला लागली. भारतीय बाई आहे म्हणजे हिला येणारच, असं ती धरून चालली होती. इकडे मंडळाच्या संक्रांतीत शेजारच्या शुभानं माइकवरूनच सांगून टाकलं, "आपल्या यामिनीला युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीये बरं का, ऑगस्टपासून. गणित. आपल्या रक्तातच असतं ते." टाळ्या पडल्या. टाइमपासची सोय गेली.

ॲडमिशन मिळाली होती हे खरं, पण एका अटीवर. हा शेवटचा कोर्स पास व्हायला हवा, आणि वागणुकीबद्दल कॉलेजकडून काही शेरा यायला नको.

आणि हा शेवटचा कोर्सच निराळा निघाला. यात गणित सोडवायचं नव्हतं, सिद्ध करायचं होतं. एक्स दोनाच्या जवळ गेला की तीन एक्स अधिक एक हे साताच्या जवळ जातं, हे सिद्ध करा. आता यात सिद्ध करण्यासारखं काय आहे हेच यामिनीला उमजेना. एक्सच्या जागी दोन घाला. तीन दुणे सहा आणि एक सात. दिसतंय की डोळ्यांना. पण हॅनिगनबाईंचं तेवढ्यानं भागत नव्हतं. त्यांना आधी एप्सिलॉन हवा असायचा, आणि एप्सिलॉन आला की मागोमाग डेल्टा, बोहल्यावरून उतरल्यासारखे दोघं जोडीनं. समजा एप्सिलॉन शून्याहून मोठा आहे. डेल्टा म्हणजे एप्सिलॉन भागिले दोन घ्या. का घ्या? तर घ्या.

एकदा शशिकांतला विचारलं होतं. "अगं, हे फर्स्ट इयरलाच होतं आम्हाला. सोपं आहे," म्हणून त्यानं कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला, आणि बऱ्याच वेळानं त्याला आठवलं की आपली मीटिंग आहे. रविवार होता. यामिनीनं तेही विचारलं नाही.

मग तिनं तेच केलं जे तिच्या शाळेत सगळ्यांनी केलं होतं. भूमितीची प्रमेयं अशीच तर झाली होती: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, स्वल्पविरामासकट. बाईंनी टर्मच्या सुरुवातीला दिलेला कागद कपाटाला चिकटवला आणि लाटण्याच्या तालावर म्हणायला सुरुवात केली. पोळ्या संपेपर्यंत तीन वेळा होऊन जायचं.

*

"सहज बोलावलं असेल," शशिकांत म्हणाला. करपलेली पोळी त्यानं स्वतःच्या ताटात घेतली होती, यावरूनच त्याला ते सहज वाटत नव्हतं हे दिसत होतं. "चांगला पेपर लिहिला म्हणूनही बोलावतात."

"नोट्स घेऊन?"

"नोट्स... आवडल्या असतील."

आश्लेषा टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनं ईमेल वाचलं, परत वाचलं. ती इथं वाढलेली पोरगी. असल्या गोड ईमेलांच्या पोटात काय असतं ते तिला आईबापांपेक्षा लवकर कळायचं.

"आई, एक्झामच्या वेळी, लाइक, फोन कुठे होता तुझा?"

"पर्समध्ये. का?"

"नथिंग. जस्ट आस्किंग. आणि पर्स?"

"पायाशी. आशू, काय विचारायचंय तुला?"

"काही नाही." ती कॉलेजच्या पानावर यामिनीचा वर्ग शोधत होती. मग थांबली, मान वर करून कपाटाकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे. "आई, तुझ्या शीटवर टू आहे."

"कुठे?"

"डेल्टामध्ये. एप्सिलॉन बाय टू. इथे वेबसाइटवर थ्री आहे. वर लिहिलंय, करेक्टेड."

यामिनी लाटणं हातात घेऊनच स्क्रीनपाशी आली. खरंच तीन होतं. बाकी सगळं तेच, शब्द न् शब्द, फक्त दोनाच्या जागी तीन.

"म्हणजे बाईंच्या कागदात चूक होती," शशिकांत म्हणाला.

"हो. आणि त्यांनी फिक्स केली. सो बाकी सगळ्यांनी थ्री लिहिलं असणार. आणि आईनं ओल्ड शीटवरचं, विथ द मिस्टेक, वर्ड फॉर वर्ड. सो त्यांना वाटलं असेल की..."

तिनं वाक्य तिथेच सोडलं. शशिकांतनं पाण्याचा ग्लास उचलला. आपल्याकडे याला कॉपी म्हणतात. आडून बोलायला तिथे शब्दच नाही. पण त्या टेबलाशी तो शब्द कुणी काढला नाही, जणू काढला तर खरा होईल.

"मी पाठ केलं होतं," यामिनी म्हणाली.

"आय नो, आई."

"तुम्ही ऐकलंय. रोज ऐकलंय."

"आमचंही पाठ झालंय," शशिकांत म्हणाला.

आश्लेषा अजून कपाटावरच्या कागदाकडे बघत होती. कपाळाला आठी पडली. "पण आई, इथे लास्ट लाइनमध्ये, थ्री टाइम्स..." ती म्हणाली, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून तिनं लॅपटॉप मिटला. "नेव्हर माइंड. इट्स फाइन. यू गॉट धिस."

*

गुरुवारपर्यंत यामिनीनं भाजीत दोनदा मीठ घातलं आणि शुभाचा फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलावाच लागला, कारण शुभा खिडकीतून तिला बघत होती.

"अगं, आहेस ना घरात? ऐक, आमच्या देवांगला जरा गणित शिकवशील का? तू म्हणजे आता घरचीच प्रोफेसर."

"बघू," यामिनी म्हणाली. "या आठवड्यात नको."

डेनिसची आठवण सारखी येत होती. डेनिस वर्गात तिच्या शेजारी बसायची. पोस्टातून रिटायर झालेली थोराड बाई. पत्रं वाटताना डोकं रिकामं असायचं, ते आता भरायचंय, म्हणून आलेली. मध्यंतरी तिनं हाच कागद यामिनीपुढे सरकवून विचारलं होतं, "हनी, हे दोन कुठून आले? मला कळत नाहीये."

सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात. 'मला कळत नाहीये.' पेन हरवलंय म्हणावं तितक्या सहज. यामिनीलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"असंच घ्यायचं असतं ते," तिनं सांगितलं होतं.

"तू म्हणतेस तर असेल बाई," म्हणून डेनिस वर्ग संपल्यावर तो कागद घेऊन हॅनिगनबाईंच्या टेबलाकडे गेली होती. यामिनी तेव्हा पर्स खांद्याला लावून आश्लेषाला आणायला निघाली होती. तो कागद दुरुस्त कसा झाला हे आता कळत होतं. डेनिसनं विचारलं, म्हणून.

*

गुरुवारी शशिकांतनं अर्धा दिवस रजा टाकली. "मला गाडी चालवता येते," यामिनी म्हणाली, तर "माहितीये," म्हणून तो ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. पाइनचे पराग पडायचे दिवस. रात्रीतून गाडीला हळद लागल्यासारखी झाली होती. वायपरनं ती पुसली की काचेवर पिवळे पंखे उमटत होते. यामिनीच्या मांडीवर कपाटावरचा कागद होता. टेपसकट काढताना रंगाचा एक पोपडा बरोबर आला होता आणि 'डेल्टा'वर फोडणीचा शिंतोडा होता.

"सरळ सांगायचं," शशिकांत म्हणाला. "पाठ केलं होतं. पाठ करणं काही गुन्हा नाही. विश्वास बसत नसेल तर तिथेच म्हणून दाखवायचं. खडाखडा."

"आणि त्यांनी काही विचारलं तर?"

"काय विचारणार?"

"अर्थ."

सिग्नल लाल होता. शशिकांत सिग्नलकडे अगदी लक्ष देऊन बघत राहिला.

"अर्थाचं असं आहे," तो शेवटी म्हणाला, "तो मागाहून येतो. आधी पास व्हायचं. आम्ही सगळे असेच इंजिनियर झालो."

"मग आला का मागाहून?"

हिरवा लागला. मागच्यानं हॉर्न दिला, आणि या देशात हॉर्न म्हणजे शिवीच, त्यामुळे उत्तर द्यायचं राहून गेलं.

*

ऑफिस एवढंसं होतं. दोन खुर्च्या, एक कुंडी, भिंतीवर कुणा नातवंडानं काढलेला घोडा. हॅनिगनबाई बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, आणि आज यामिनीपेक्षा त्याच अवघडलेल्या दिसत होत्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं. बाहेरच्या बाकावर शशिकांत गुडघे जुळवून बसला होता, डॉक्टरकडे बसतात तसा.

"काळजीचं काही नाही," बाई म्हणाल्या. असं म्हटलं की असतं. त्यांनी यामिनीचा पेपर आणि जुना कागद शेजारी शेजारी ठेवले. "मला फक्त समजून घ्यायचं आहे. हे दोन्ही अगदी... जवळचे आहेत. चुकीसकट. चूक माझीच, टाइप करताना आधीच्या उदाहरणातले दोन इथे राहून गेले. पण तुमच्या उत्तरात 'बाजूची आकृती पाहा' असंही आहे. आणि पेपरात आकृती नव्हती."

यामिनीला ते आठवत होतं. लिहिताना हात अडखळलाही नव्हता.

"माझी खात्री आहे की याला काहीतरी कारण असेल," बाई म्हणाल्या आणि कुंडीकडे पाहिलं. "मला पुढे कळवायला लागू नये अशी माझी इच्छा आहे."

यामिनीचे कान गरम झाले. घरी घोकलेलं इंग्रजी सगळं पळालं. ती उभी राहिली, आणलेला कागद बाईंपुढे ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही यात बघा. मी म्हणते."

आणि तिनं हात मागे बांधले, डोळे मिटले आणि सुरुवात केली. लेट एप्सिलॉन बी ग्रेटर दॅन झीरो. शब्द इंग्रजी होते, पण चाल पाढ्यांची, प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचित वर जाणारी. अकोल्याच्या घरी बाबा दाढी करायचे आणि ती दारात अशीच उभी राहून पाढे म्हणायची. पूर्णांकांचे झाले की पावकी, मग निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा. बाबा कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर कामाला, त्यांचा अपूर्णांकांवर भारी जीव. अडखळली की साबणाच्या फेसातून नुसतं "हं?" यायचं.

चूज डेल्टा इक्वल टू एप्सिलॉन बाय टू. सी द फिगर ॲट राइट. तिनं आकृतीही सोडली नाही. शेवटची ओळ आली. थ्री टाइम्स एप्सिलॉन बाय टू, इक्वल्स एप्सिलॉन.

त्रिक निमे? हं?

त्रिक निमे दीड.

जीभ थांबली. तीन अर्धे म्हणजे दीड. सहा वर्षांची असल्यापासून येत होतं तिला. आणि तीन अर्ध्यांचा एक होतो हे ती रोज, पोळीमागून पोळी, सगळ्या घराला ऐकवत आली होती. आशूला ते दिसलं होतं. म्हणून तर तिनं लॅपटॉप मिटला.

"हेन्स प्रूव्ह्ड," यामिनीनं कसंबसं पुरं केलं आणि डोळे उघडले.

हॅनिगनबाईंचं बोट कागदावर शेवटच्या ओळीशी होतं. त्यांनी चष्मा काढला. चेहरा एकदम सैल पडला होता, त्यांचीच सुटका झाल्यासारखा.

"इतक्या वर्षांत असं कुणी मला म्हणून दाखवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "एक शब्द इकडचा तिकडे नाही. यामिनी, मला माफ करा. मी जो विचार करत होते... तो विषय संपला. आणि कागद माझाच चुकलेला, त्यामुळे याचे गुणही मी कापणार नाही." त्यांनी पेपरावर पेनानं काहीतरी लिहिलं. "तुम्ही पास आहात. ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीत चाललात ना? शाळेत शिकवायचंय असं म्हणाला होतात. फार छान. मी तिथल्या लोकांना तुमच्याबद्दल दोन शब्द लिहीन."

बाहेर किल्ल्यांचा आवाज झाला. शशिकांत उठून उभा राहिला होता, दाराच्या चौकटीत, आणि त्याच्या तोंडावर असं हसू होतं की त्याला ते कुठे ठेवावं कळत नव्हतं. त्यानं मानेनंच खूण केली. चल.

यामिनीनं पर्स उचलली. आभार मानायचे, मान लववायची आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. घरी जाऊन साखरेचं कपाट सताड उघडायचं. शुभाला फोन करायचा. देवांगला शिकायला ये म्हणायचं. देवांग येईल, वही उघडेल, आणि कधीतरी मान वर करून विचारेल, हे दोन कुठून आले? आणि मग ऑगस्टनंतर कुणीतरी विचारेल, आणि त्यानंतर शाळेतल्या वर्गात पाठच्या बाकावरून कुणीतरी. आणि ती प्रत्येकाला सांगेल, असंच घ्यायचं असतं ते.

ती दारापर्यंत गेली. शशिकांतनं तिच्या हातातून पर्स घेतली. मग त्याच्या लक्षात आलं की पर्स आपल्याकडे आहे आणि बायको परत आत जाऊन खुर्चीवर बसली आहे.

"अजून काही?" हॅनिगनबाईंनी विचारलं.

यामिनीनं आपला कागद त्यांच्याकडून ओढून घेतला. फोडणीच्या डागाशेजारी जिथे दोन लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं.

"मला हे कळलेलं नाही," ती म्हणाली. "पहिल्या ओळीपासून."